सगळी वजनं कमी लिहिली गेली

बाबूजी, तोंडावर आम्ही तुम्हाला बाबूजी म्हणायचो आणि पाठीमागे टाइमबाबू. मिल चालू होती तेव्हा याहून वाईटही म्हणायचो, ते इथे लिहीत नाही. तुम्हाला ते ठाऊक होतंच. टाइम ऑफिसच्या खिडकीत बसलेल्या माणसाला बाहेरचं सगळं ऐकू येतं. मी त्या वेळी बदलीवर होतो. म्हणजे रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं, पक्क्या कामगारांपैकी कुणी आला नाही तर त्याच्या जागी आत जायचं, आणि सगळे आले तर डबा घेऊन परत घरी. कुणी आत जायचं ते तुम्ही खिडकीतून बोटानं दाखवायचात. तुमचं बोट माझ्यावरून पुढे गेलं की मला दिवसभर तुमचा राग यायचा. आणि पक्के कामगार तर तुमच्यावर आमच्याहून जास्त खार खाऊन होते, कारण भोंग्यानंतर सात मिनिटं झाली की तुम्ही त्यांचा अर्धा दिवस कापायचात. सहा मिनिटांना कापत नव्हतात. पण ती सहा मिनिटं कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

मग मिल बंद झाली. फाटकावर कागद लागला, त्यावर साहेबाची सही होती, आणि त्या दिवसापासून तुम्ही आणि आम्ही सारखेच झालो, असं मला वाटलं होतं. सारखे नव्हतो. आम्ही निदान एकमेकांशी बोलत होतो. तुम्ही भाजी घ्यायला यायचात तर लोक रस्त्याच्या त्या बाजूला व्हायचे. तुमचे सायकलवरून जाणारे पाय मला आठवतात, पँटला क्लिप लावलेले. कुठे जायचात कुणास ठाऊक. बहुतेक कुठेच नाही, नुसते वेळेवर घराबाहेर पडायचात.

मिलच्या मागच्या भिंतीला लागून आमची व्यायामशाळा होती. पत्र्याचं छप्पर, कोपऱ्यात मारुती, मुद्गलांच्या दोन जोड्या आणि लोखंडाचं किरकोळ सामान. पहिल्या पाळीच्या आधी तिथे चाळीस माणसं घाम गाळायची. मिल बंद झाल्यावर चार महिन्यांत नऊ राहिली. बाकीचे उशिरापर्यंत झोपायला लागले, पानाच्या ठेल्यावर पत्ते कुटायला लागले, काही नुसते ओट्यावर बसून असायचे. माणसाला वाटतं कामाचे तास गेले म्हणजे मोकळा वेळ मिळाला. तसं होत नाही. सगळाच वेळ जातो. आमच्यात सगळ्यात मोठं शरीर होतं ते बुनाई खात्यातल्या साच्यांवर देखरेख करणाऱ्या जॉबरचं. व्यायामशाळा त्याच्याच आवाजावर चालायची. तोही त्या दिवसांत दोन दोन दिवस येत नव्हता.

एका सकाळी तुम्ही दारात उभे होतात. बुशशर्ट, खिशाला पेन, काखेत जाड रजिस्टर. चपला बाहेर काढून ठेवलेल्या, पण उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. जॉबर बैठका मारता मारता थांबला. म्हणाला, "क्या बाबूजी, यहाँ भी हाफ-डे काटने आये हो?" सगळे हसले. मीसुद्धा. तुम्ही हसला नाहीत, रागावलाही नाहीत. म्हणालात, "हाजिरी लगाने आया हूँ. मिल की तो बंद हो गयी, यहाँ की लगा दूँगा." जॉबरनं विचारलं, "और कसरत?" तुम्ही सरळ सांगितलंत, "वो मुझसे नहीं होगी." तेव्हा मी मागून, तुम्हाला नीट ऐकू जाईल असं मराठीत बोललो, "ज्याला स्वतःला एक दंड मारता येत नाही तो आमची हजेरी घेणार!" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "हो." एवढंच. तुम्हाला आमच्यात जागा हवी होती आणि ती मागायला तुमच्याकडे त्या रजिस्टरशिवाय दुसरं काही नव्हतं, हे आता समजतं. त्या वेळी मला वाटलं, या माणसाची खिडकी गेली तरी सवय जात नाही.

जॉबर म्हणाला, "बैठने दो यार. मारुती के सामने किसी को मना नहीं करते." म्हणून तुम्ही बसलात. दाराशी, उलट्या ठेवलेल्या पेटीवर.

पहिल्या आठवड्यात तुम्ही काहीच बोलला नाहीत. कोण आला, किती वाजता आला, काय उचललं, किती वेळा, हे लिहीत राहिलात. दुसऱ्या आठवड्यात सांगितलंत की साडेसहाला दाराची कडी लागेल. लोक म्हणाले, "हो गया शुरू." पण एक गंमत झाली. कडी लागणार म्हटल्यावर लोक साडेसहाच्या आत यायला लागले. ज्या दाराला कडी नसते तिथे माणूस उद्या जाऊ म्हणतो. आणि कुणी दोन दिवस आला नाही तर तुम्ही सायकल काढून त्याच्या घरी जायचात. आत जायचा नाहीत. घंटी वाजवायचात आणि रस्त्यावरूनच विचारायचात, "तब्येत ठीक?" पोलिसाला टाळता येतं, पण रस्त्यात उभं राहून तब्येत विचारणाऱ्या टाइमबाबूला कसं टाळणार? बायको आतून म्हणायची, जा हो एकदाचे, शेजारी बघताहेत.

पण खरी तुमची गोष्ट म्हणजे बदली. मी आता तीस वर्षं लोकांना व्यायाम शिकवतोय, ठिकठिकाणच्या जिम पाहिल्या, मोठमोठ्या कोच लोकांची बोलणी ऐकली, ही रीत मला दुसरीकडे कुठे दिसली नाही. तुमच्या रजिस्टरमध्ये गैरहजर हा शब्द नव्हता. तुम्ही म्हणालात, "पंचवीस वर्षं तो शब्द लिहिला, आता हात दुखतो." ज्याला खरंच यायला जमणार नाही त्याचं त्या दिवसाचं काम दुसऱ्या कुणीतरी करायचं. त्याचे आकडे, त्याची वजनं, त्याच्या नावानं, आपलं झाल्यावर. आणि रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे लाल शाईत लिहायचं की बदली कुणी केली. कापड विणणारा साचा थांबता कामा नये, माणूस बदलला तरी चालेल, हा मिलचा नियम. मिलमध्ये तो नियम आम्हाला फाटकाशी ताटकळत ठेवायचा. तुम्ही तो उलटा करून आम्हाला परत दिलात. कारण दुसऱ्यानं आपलं वजन उचललंय हे कळल्यावर कोण घरी झोपून राहील? सर्दी झालेला माणूस तिसऱ्या दिवशी नाक पुसत यायचा आणि ज्यानं बदली केली त्याच्यासाठी घरून पोहे आणायचा.

माझं तुमच्याशी भांडण झालं ते याच सुमारास. मी आठ मिनिटं उशिरा आलो. कडी लागलेली. मी दार वाजवलं. तुम्ही आतून म्हणालात, "उद्या." मी म्हणालो, "बाबूजी, मिल बंद झाली. आता कसला टाइम?" आतून तुमचा आवाज, अजिबात न चढलेला, "मिल बंद झाली. सकाळ चालू आहे." आतले लोक हसले आणि माझ्या कानाची पाळी तापली. मला बाविसावं वर्ष लागलं होतं, आयटीआयचा टर्नरचा दाखला पेटीत पडून होता, घरात वडिलांचीही मिल बंद, आणि हा माणूस मला दाराबाहेर ठेवतो. फाटकाशी उभं राहण्याची सगळी वर्षं एकदम वर आली. मी दारावर लाथ मारली आणि निघून आलो. ठरवलं की पुन्हा जायचं नाही.

तुम्ही घरी आला नाहीत. दोन दिवस झाले, चार झाले, रस्त्यावर घंटी वाजली नाही. मला त्याचाही राग आला. अकराव्या दिवशी जॉबर आला. ओट्यावर बसला, माझ्या आईकडून पाणी मागून घेतलं, पाणी पिऊन झाल्यावर मला म्हणाला, "देख भिया, तेरी बदली मैं कर रहा हूँ. अपना भी करूँ, तेरा भी करूँ. कमर की वाट लग गयी. नाराज है तो नाराज रह, पर अपना माल खुद उठा." मग तो उठता उठता म्हणाला, "और सुन. परसों मैं देवास गया था, साले की सगाई में. बाकी सब उस दिन सांवेर रोड गये थे, किसी फैक्टरी में भरती थी. तेरी बदली टाइमबाबू ने की."

मी विचारलं, कशी?

जॉबरनं स्वतः पाहिलं नव्हतं, पण त्या दिवशी व्यायामशाळेत मागे राहिलेल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं त्याला सांगितलं होतं. तुम्ही पेन खिशात ठेवलंत, चष्मा काढून मारुतीपाशी ठेवलात, आणि माझ्या बैठकांचे आकडे रजिस्टरमध्ये पाहून नुसता लोखंडी दांडा खांद्यावर घेतलात. वजनं लावायचा प्रश्नच नव्हता. पाच वेळा बसलात, पाच वेळा उठलात. मग भिंत धरून उभे राहिलात. मग पुन्हा पाच. माझे पाच गुणिले पाच पूर्ण केलेत. मिस्त्री म्हणाला, गुडघे असे वाजत होते की वाटलं आत कुणी सुपारी फोडतंय. रजिस्टरमध्ये तुम्ही वजन खरं लिहिलं होतं, नुसता दांडा. बदलीच्या जागी तुमची सही.

मी दुसऱ्या दिवशी सहा वीसला दाराशी होतो. तुम्ही कडी काढत होतात, पाय जरा फाकवून चालत होतात. बैठका मारल्यावर तिसऱ्या दिवशी माणूस तसाच चालतो. मी आत आलो, तुम्ही पेन काढलंत. माझ्या नावापुढे टिक केलीत. पण त्या दिवसापासून व्यायामशाळेत कुणी हाफ-डेचा विनोद केला नाही. जॉबरनं मनाई केली असंही नाही. तो विनोद आपोआप संपला.

नऊचे बावीस झालो, बावीसचे पस्तीस. कसरत झाल्यावर पाच मिनिटं गोल करून उभं राहायचं, ही तुमचीच कल्पना. ज्याला जिथे काम असल्याची खबर असेल त्यानं ती सांगायची. पिथमपूरला गार्ड पाहिजेत. अमक्या नमकीनवाल्याला भट्टीवर माणूस पाहिजे. एकानं सांगितलं, पोलोग्राउंडला एका वर्कशॉपमध्ये टर्नर पाहिजे, आणि तुम्ही रजिस्टरमधून मान वर न करता म्हणालात, "यहाँ एक है, जिसका दाखला पेटी में सड़ रहा है." तुम्हाला कुणी सांगितलं होतं, मला माहीत नाही. मी तिथल्या खराद मशीनवर, म्हणजे लेथवर, पुढे चौदा वर्षं काढली. तेव्हा मला कळलं की फाटकाशी तुमचं बोट माझ्यावरून पुढे जायचं तेव्हाही तुम्हाला माझं नाव माहीत असायचं.

वजनांची गोष्ट तिथूनच सुरू झाली. आमच्याकडे लोखंड कमी पडत होतं. मिलचं सामान भंगारात निघत होतं, साच्यांची दातेरी चाकं, बिडाची, एकेक चांगली भरीव. जॉबरला ती बघवत नव्हती, ज्या साच्यांवर त्याचं आयुष्य गेलं त्यांचीच ती. तुम्ही भंगारवाल्याशी बोलून काही चाकं मिळवलीत. मी रविवारी मालकाच्या परवानगीनं ती खरादवर लावून मधलं भोक दांड्याच्या मापाचं केलं. आता प्रश्न, कोणत्या चाकाचं वजन किती? जॉबर म्हणाला, "हाथ में उठा के बता दूँगा." तुम्ही म्हणालात, "अंदाज़ नहीं चलेगा. लिखना है." मोठा काटा आसपास एकच, त्या भंगारवाल्याचा. तुम्ही एका दुपारी उन्हात उभं राहून सगळी चाकं तिथे तोललीत, खडूनं आकडे घातलेत, आणि मी नंतर ते छिन्नीनं कोरले. वीस. पंधरा. दहा. आमच्या व्यायामशाळेला पहिल्यांदा खरे आकडे मिळाले. लोकांना आपण काय उचलतो ते कळायला लागलं. तीन वर्षं तुम्ही ते आकडे लिहिलेत, रोज, प्रत्येकाचे.

मग जिल्ह्याची स्पर्धा आली. आमच्यातून कुणी कधी अशा ठिकाणी गेलं नव्हतं. तुम्ही रजिस्टर पाहून माझं नाव दिलंत, म्हणालात, "हा एकटा असा आहे की ज्याचा आकडा दर महिन्याला थोडा तरी वाढतो. बाकीचे वाढतात, मग लग्नसराई येते." माझा जमिनीवरून उचलायचा आकडा तेव्हा एकशे चाळीस होता, तोही जिवावर येऊन. आम्ही दहाबारा जण गेलो, शाळेचं मैदान, मांडव, माइकवर कुणीतरी बोलतंय, मुलं चकचकीत पट्टे लावून आलेली. माझ्या कमरेला मिलच्या पट्ट्याचा तुकडा होता. मशीन फिरवायचा, चामड्याचा.

मी पहिल्याच उचलीला एकशे चाळीस मागितले. वाकलो, श्वास घेतला, जेवढा जोर रोज लावतो तेवढा लावला, आणि दांडा असा वर आला की मी मागे कलंडलो. दोन पावलं मागे गेलो. लोक टाळ्या वाजवताहेत आणि मला काही कळत नाही. जॉबर मांडवातून ओरडतोय, "वज़न कम है! इनका वज़न कम है!" मी खाली उतरलो तर तुम्ही विचारलंत, "किती वाटलं?" मी म्हणालो, "बाबूजी, सव्वाशेच्या वर नाही." तुम्ही माझ्या शब्दावर एक क्षणही शंका घेतली नाहीत. चष्मा सारखा केलात आणि थेट पंचांच्या टेबलापाशी गेलात. त्या धिप्पाड पंचांसमोर तुम्ही, पन्नासेक किलोचे, खिशाला पेन. म्हणालात, "आपके वज़न में गड़बड़ है. हमारी आपत्ति नोट कीजिए." पंच म्हणाला, "बाबूजी, वज़न हल्का होने की शिकायत आज तक किसी ने नहीं की." तुम्ही म्हणालात, "हल्का हो या भारी, ग़लत तो ग़लत है. लिखिए." त्यानं लिहिलं नाही, पण तुम्ही टेबलापासून हललाही नाहीत. शेवटी त्यांनी सरकारी शिक्क्याचा काटा आणला. सगळी स्पर्धा थांबली. एकेक चकती ठेवली. वीस म्हणजे वीस. पंधरा म्हणजे पंधरा. सुतभरही फरक नाही.

मला तुमची पाठ दिसत होती. तुम्ही बराच वेळ त्या काट्याकडे पाहत उभे राहिलात. पंच हसून काहीतरी बोलला. तुम्ही त्याला नमस्कार केलात, वळलात आणि आमच्याकडे आलात. चेहरा पार उतरलेला. मला वाटलं, आता सांगतील चल घरी. तुम्ही म्हणालात, "यांचं बरोबर आहे. आपलं चुकलंय. आपलं वीस हे वीस नाही, जास्त आहे." जॉबरला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तो खालीच बसला आणि पोट धरून हसायला लागला. "तीन साल! अरे तीन साल से हम ज़्यादा उठा रहे हैं!" मग सगळेच हसायला लागले, एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागले. म्हातारा मिस्त्री पुन्हा पुन्हा विचारत होता, मग माझे साठ ते किती झाले? मी पुढच्या उचलीला एकशे पंचावन्न मागितले आणि ते उचलले. तिसऱ्याला एकशे साठ मागितले, ते गुडघ्यापाशी अडकले. माझा तिसरा नंबर आला. पहिला नंबर का आला नाही म्हणून आजवर मला कधी वाईट वाटलेलं नाही.

आनंद झाला नाही तो फक्त तुम्हाला. आम्ही सगळे पायी परतत होतो, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, जुन्या राजसमाध्यांपाशी, कचोरी खायला थांबलो. तुम्ही कचोरी हातात धरून उभे होतात, खात नव्हतात. जॉबर म्हणाला, "क्या हुआ बाबूजी, जीत के आये हैं." तुम्ही म्हणालात, "तीन साल मैंने तुम लोगों की मेहनत कम लिखी." तो म्हणाला, "आपकी क्या ग़लती, काँटा उसका था." तुम्ही अगदी हळू विचारलंत, मला आजही ते शब्द जसेच्या तसे ऐकू येतात, "मिल में भी ऐसा ही लिखा होगा क्या मैंने?"

तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाचा तुम्ही कधी ना कधी अर्धा दिवस कापला होता. जॉबरचा तर मुलीच्या बारशाच्या दिवशी कापला होता, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, तो कितीदा तरी सांगायचा. मी त्याच्याकडे पाहत होतो. त्यानं कचोरीचा कागद चुरगळला, बोटं पुसली आणि म्हणाला, "वहाँ घड़ी थी बाबूजी. घड़ी भंगारवाले की नहीं थी." आणि तुमच्या हातातली कचोरी तोडून अर्धी स्वतःच्या तोंडात टाकली. "खाओ, ठंडी हो रही है." तुम्ही खाल्लीत. चष्म्याखालून डोळे पुसलेत आणि म्हणालात, तिखट आहे.

भंगारवाल्याकडे तुम्ही दुसऱ्या दिवशी गेलात, मीही बरोबर होतो. तो गादीवरून उठलासुद्धा नाही. म्हणाला, "बाबूजी, मेरे पास दो काँटे हैं. एक ख़रीदने का, एक बेचने का. आपने ख़रीदने वाले पर तौला. पूछते तो बता देता." आम्ही मिलमधली माणसं. काटा एकच असतो असं आम्हाला वाटत होतं.

मी म्हणालो, रजिस्टरमधले आकडे खोडून नवीन लिहू या, मी मदत करतो. तुम्ही ऐकलं नाहीत. टाइम ऑफिसमध्ये झालेली नोंद खोडत नाहीत. तुम्ही नवीन पान घेतलंत आणि वर तुमच्या त्या सरळ अक्षरात एक ओळ लिहिलीत: "आजपर्यंतची सगळी वजनं कमी लिहिली गेली आहेत. प्रत्यक्षात सर्वांनी याहून जास्त उचललं आहे." खाली सही, तारीख. मग ते पान तुम्ही गोलात उभं राहून सगळ्यांना वाचून दाखवलंत, आधी मराठीत, मग हिंदीत. चाळीस बेरोजगार आणि अर्धरोजगार माणसं ऐकत होती. मला वाटतं त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना आयुष्यात दुसऱ्या कुणी असं काही लेखी दिलं नसेल.

पुढचं तुम्हाला थोडं माहीत आहे, थोडं नाही. शहरात काचेच्या जिम आल्या, आत एसी, मोठ्यानं गाणी, मशीनवर धावायचं आणि जागच्या जागी राहायचं. आमचेही काही तिकडे गेले, काही परत आले. मिलच्या जमिनीला कुंपण पडलं तेव्हा व्यायामशाळाही गेली. आम्ही एका दिवसात सगळं लोखंड हातगाड्यांवर हलवलं, मारुती जॉबरनं स्वतः उचलला. तुम्ही तेव्हा अंथरुणाला होतात. मला निरोप पाठवलात की सामान मोजून घे. महिनाभरानं तुम्ही गेलात. स्मशानात तुमचा मुलगा बघतच राहिला, एवढी माणसं कुठून आली म्हणून. त्याला वाटत होतं, बाबांना कुणी ओळखत नाही.

आता माझी जागा राऊकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. मोठी शेड, रबरी फरशी, बार आणि चकत्या चांगल्या कंपनीच्या, तोलून घेतलेल्या. बाहेर पाटीवर स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग लिहिलंय, पोरांना तसं लागतं. कॉलेजची मुलं-मुली आहेत, एक निवृत्त मास्तरीण आहे जी साठीनंतर पहिल्यांदा वजन हातात धरून आता माझ्यापेक्षा सरळ उभी राहते, सराफ्यात रात्री खाण्याचं दुकान लावणारा एकजण आहे, रात्रपाळी करून थेट येणारी नर्स आहे. साडेसहाला कडी लागते. बदली चालते. मोबाइलवर ग्रुप आहे, कुणी आजारी पडला की त्यावर लगेच भांडण सुरू होतं की त्याचं कोण करणार, आणि खरं सांगतो, ते भांडण वाचताना मला जे वाटतं ते माझ्या पोरांना नोकऱ्या लागल्या तेव्हाही वाटलं नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात त्या मास्तरीणबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दीड महिना त्यांच्या नावावर एकही दिवस रिकामा गेला नाही. बाई परत आल्या, रजिस्टर उघडलं, लाल शाई बघत बसल्या आणि सगळ्यांवर ओरडल्या, "अरे, मी एवढं कुठे उचलत होते!"

तुमचा फोटो मी शेडमध्ये लावलाय. मिलच्या ओळखपत्रावरचा होता, मोठा करून घेतला. पाहायला बरा आलाय, खिशातलं पेन दिसतं. आणि आता जे लिहायला बसलो ते लिहितो. इतकी वर्षं मला कुणी विचारलं, पत्रकारानं असो की स्पर्धेतल्या कुणी, की तुमचे उस्ताद कोण, तर मी जॉबरचं नाव सांगत आलो. त्याचं शरीर तसं होतं, लोकांना लगेच पटायचं. जॉबर आता ऐंशीच्या घरात आहे, एकदा त्याच्या समोरच मी तसं बोललो तर त्यानं मान दुसरीकडे वळवली आणि नंतर मला म्हणाला, "झूठ मत बोला कर, मेरी उमर हो गयी है, ऊपर जा के जवाब देना पड़ेगा." तरी मी सुधारलो नाही. गेल्या आठवड्यात नर्स फोटोसमोर पाणी पीत उभी होती, तिनं विचारलं, "सर, हे कोण? पैलवान तर वाटत नाहीत." मी म्हणालो, मिलमध्ये टाइमबाबू होते, जुनी ओळख. ती बरं म्हणाली आणि आपल्या जागी गेली. तुम्ही आमच्या दारात चपला काढून उभे होतात तेव्हा मागून बोलणारा मीच होतो, आणि मी अजून पुरता गप्प झालेलो नाही.

तुमच्या मुलाचा पुण्याचा पत्ता माझ्याकडे आहे. हे त्याला पाठवावं असं एकदा वाटलं, पण त्याला आधी बरंच समजावून सांगावं लागेल आणि मला ते जमणार नाही. फोटोखाली लावायला पितळेची पट्टी करायला टाकली आहे. तुमचं नाव कोरून झालंय. कारागिरानं फोन करून विचारलं, नावाच्या खाली काय लिहू? मी म्हणालो, कळवतो. त्याला दहा दिवस झाले.